रादामेसची उजवी बाजू

नोंद क्रमांक एकोणीस. प्रकार: जिवंत वारसा. नाव: गिदोनी, रादामेस. उगम: स्थानिक. सद्यःस्थिती: समाधानकारक, श्रवणाच्या बाबतीत किरकोळ झीज. वर्णन: सदर वारसा 'लिबेल्लुला' या विख्यात क्रीडावाहनाच्या निर्मितीप्रक्रियेतील उजव्या अंगाच्या आकारसिद्धीशी निगडित असून, मानव व धातू यांच्यातील संवादाचे जतन व संवर्धन करण्याचे कार्य सदर वारशाने अविरतपणे केलेले आहे. पाहणी: पूर्वसूचना दिल्यास, कार्यालयीन वेळेत. रविवारी बंद.

हा मसुदा लुगारेसी मोटार कारखान्याच्या वारसा विभागानं लिहिला आणि काम्पोसालिचे नगरपालिकेनं त्यातला एक स्वल्पविरामही न हलवता मंजूर केला. नोंद क्रमांक वीस ओबेर्दान बोम्पानीची आहे. ती शब्दशः हीच. फक्त 'उजव्या'च्या जागी 'डाव्या' आहे आणि कान शाबूत आहेत. नोंद क्रमांक अठरा म्हणजे चौकातला गुरांना पाणी पाजायचा हौद.

रादामेसनं आपली नोंद लोरिसच्या बारमध्ये लोरिसकडूनच वाचून घेतली, कारण चष्मा घरी होता.

"रविवारी बंद म्हणजे काय? रविवारी मी मेलेला असतो?"

"रविवारी तू बहिणीकडं जेवायला असतोस," लोरिस म्हणाला. "त्यांनी बरोबर चौकशी केलीय."

"आणि हे संवाद म्हणजे? मी पत्र्याशी कधी बोललो?"

"माणसांशी तरी कुठं बोलतोस?"

रादामेसनं कॉफी संपवली आणि ओबेर्दानच्या नोंदीत काय लिहिलंय ते विचारलं. तेच लिहिलंय म्हटल्यावर त्याला बरं वाटलं नाही. काहीच लिहिलं नाही म्हटलं असतं तर कदाचित वाटलं असतं.

आता नोंदीत नसलेलं. रादामेस गिदोनी हा पत्रा ठोकणारा माणूस. आपल्याकडचे तांबट हंडे मठारतात तसा तो मोटारी मठारायचा. अॅल्युमिनियमचा सपाट पत्रा घ्यायचा, पॉपलर झाडाच्या पोखरलेल्या ओंडक्यावर ठेवायचा आणि लाकडी मोगरीनं ठोकत राहायचं, इतकं की पत्र्याला आपण कधी काळी सपाट होतो याचा विसर पडावा. शेजारी जाड तारेचा एक सांगाडा उभा असायचा, गाडीच्या आकाराचा. ठोकलेला पत्रा त्या तारांवर बसला की झालं. नाही बसला की परत ओंडक्यावर. नकाशा होता, पण तो भिंतीवर होता, आणि त्याच्यावर कामगारांचे कोट टांगलेले असायचे.

ज्या गाडीसाठी हे चालायचं ती लिबेल्लुला. लिबेल्लुला म्हणजे चतुर, तळ्यावर उडतो तो. दोन माणसांची, उघड्या टपाची, लांब नाकाची रोडस्टर. बारा सिलिंडरचं इंजिन उत्तम होतं, कारण ते करणारा माणूस दुसऱ्या एका कारखान्यातून भांडून आला होता आणि त्याला काहीतरी सिद्ध करायचं होतं. या भागात चांगली इंजिनं नेहमी अशाच माणसांनी केलेली आहेत.

कारखान्याचा संस्थापक आर्रिगो लुगारेसी. त्याच्याबद्दल वारसा विभागाच्या चकचकीत पुस्तकात लिहिलंय की लहानपणापासून त्याला वेगाचं स्वप्न पडायचं. बारमध्ये जी हकिगत सांगतात ती थोडी वेगळी आहे. आर्रिगो टोमॅटोचा रस काढायची यंत्रं करायचा. एकदा असंच एक यंत्र ट्रकवर घालून तो पार्माकडं निघाला असताना एका डबेबंद टोमॅटोच्या कारखानदारानं लाल गाडीतून त्याला मागं टाकलं आणि टाकताना हात हलवला. हात कसा हलवला याबद्दल दोन मतं आहेत. आर्रिगोनं पुढची तीन वर्षं त्याला मागं टाकण्याजोगी गाडी बनवण्यात घालवली. गाडी तयार झाली तोवर कारखानदाराचं लग्न झालं होतं; त्यानं लाल गाडी विकून चार दारांची राखाडी घेतली होती. आर्रिगोनं त्याला त्याच रस्त्यावर मागं टाकलं खरं, पण त्या वेळी कारखानदार मागच्या सीटवर झोपलेला होता. अशा रीतीनं लुगारेसीच्या वारशाची सुरुवात झाली.

तर पत्र्याचा रिवाज असा होता की एका गाडीवर दोन माणसं लागायची. एक उजवीकडून, एक डावीकडून. उजवी बाजू रादामेसची, डावी ओबेर्दानची. दोघं एकमेकांकडं पाठ करून काम करायचे आणि आपली बाजू ती आपली. दुसऱ्याच्या बाजूला मोगरी तर सोडाच, बोटसुद्धा लावायचं नाही. असं कुठं लिहिलेलं नव्हतं; आपण शेजारच्या ताटातलं उचलत नाही, तेही कुठं लिहिलेलं नसतं.

याचा एक परिणाम झाला. लिबेल्लुलाच्या दोन बाजू कधीच सारख्या निघाल्या नाहीत. ओबेर्दानची बाजू चाकावर भरलेली, दुपारचं जेवण झाल्यासारखी. रादामेसची सडपातळ, मागं खेचलेली, अजून जेवायला बसायची. फरक अंगठ्याएवढा, पण होता. गिऱ्हाइकांच्या तो कधीच लक्षात आला नाही. गाडीच्या दोन्ही बाजू एकाच वेळी बघू शकणारा माणूस अजून जन्माला आलेला नाही, आणि समोरून बघणारे दिवे बघतात.

या दोघांना मात्र तो डोळे मिटून कळायचा. तळहात सपाट ठेवून, मनगट सैल सोडून, पत्र्यावरून हात न्यायचा. रादामेस अजूनही नेतो. बारसमोर उभ्या असलेल्या गाड्यांवरून जाता जाता त्याचा हात फिरतो आणि मालक आत कॉफी पीत असताना त्याला न विचारलेली माहिती मिळते. "लोरिस, तुझं मागचं दार कुणीतरी ठोकलंय." "मीच ठोकलंय, आमच्या फाटकावर," लोरिस म्हणतो. हे कळतं कसं, असं मी त्याला एकदा विचारलं. तो विचारात पडला. मग म्हणाला, "तुला तुझ्या जिन्यातली तुटकी पायरी अंधारात कशी कळते?" मी म्हटलं, पायाला सवय असते. "मग झालं," तो म्हणाला, आणि माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच उगाच गूढ करत होतो.

ओबेर्दान हा रादामेसचा नुसता जोडीदार नव्हता. रादामेसच्या धाकट्या बहिणीचा, दिर्चेचा, तो नवरा. लग्न जुळवलं रादामेसनंच. "हात चांगला आहे," एवढीच शिफारस त्यानं केली होती.

मग तो दिवस आला. साल एकोणसत्तर, शरद ऋतू. ओबेर्दान जेवायला घरी गेला होता. रादामेस आपला डबा खाऊन परत आला, आणि येताना त्यानं एक गोष्ट केली जी तो सहसा करत नसे: गाडीच्या डाव्या बाजूनं चालत आला. ओबेर्दानच्या पुढच्या मडगार्डवर, चाकाच्या जरा मागं, त्याला एक फुगवटा दिसला. ओबेर्दानच्या हिशेबानंही जास्तच. रादामेसनं इकडं तिकडं बघितलं, मोगरी उचलली आणि तीन ठोके मारले. हलके. मग आपल्या बाजूला जाऊन कामाला लागला.

ओबेर्दान आला, हात पुसले, रोजच्यासारखा तळहात पत्र्यावरून नेला. चाकाच्या मागं हात थांबला. त्यानं मोगरी उचलली आणि काम सुरू केलं.

त्यानंतर तो रादामेसशी बोललाच नाही.

त्याच कारखान्यात, त्याच गाड्यांवर, पाठीला पाठ लावून त्यांनी पुढची वर्षं काढली. कारखान्यात दाबयंत्रं आली, लिबेल्लुला बंद झाली, दोघं निवृत्त झाले. दर रविवारी रादामेस दिर्चेकडं जेवायला जात राहिला, कारण बहिणीशी त्याचं भांडण नव्हतं, आणि ओबेर्दान टेबलावर बसत राहिला, कारण घर त्याचं होतं.

आता यंदाची गोष्ट. लुगारेसी कारखाना आज एका दूरच्या गुंतवणूक मंडळीच्या मालकीचा आहे. ही मंडळी इथं वर्षातून एकदा येतात आणि भट्टीच्या जागी उभारलेल्या काचेच्या दालनात फोटो काढून जातात. त्यांनी ठरवलं की नवी रोडस्टर काढायची आणि तिचं नाव लिबेल्लुला एरेदिता ठेवायचं. एरेदिता म्हणजे वारसा. इंजिनात सहाशेच्या वर घोडे, टप सिग्नलला उभं राहिल्या राहिल्या आपोआप मिटणारा, आणि आकार मात्र जुना, कारखान्याच्या संग्रहालयातल्या लिबेल्लुलाचा. ती गाडी एकसष्टच्या पहिल्या काही गाड्यांपैकी. दोन्ही बाजू अस्सल, कधी कुणाला ठोकलेली नाही. नवी गाडी निघायच्या आधीच सगळी विकली गेली होती. बरीचशी अशा देशांत जिथं एकतर ऊन नसतंच किंवा दुसरं काही नसतं.

ही बातमी लोरिसनं पेपरातून वाचून दाखवली. "मूळ गाडीचा आकार प्रकाशकिरणांच्या साहाय्यानं संगणकात घेतला," त्यानं वाचलं. मग पेपर खाली ठेवून स्वतःची भर घातली. "माझा भाचा साचे करणाऱ्यांकडं आहे. तो म्हणतो, हल्ली गाडीची एकच बाजू मोजतात. दुसरी म्हणजे तिचंच आरशातलं प्रतिबिंब. वेळ वाचतो."

पत्ते वाटता वाटता रादामेसचा हात थांबला.

"कुठली बाजू?"

"म्हणजे?"

"एकच मोजतात म्हणतोस. कुठली?"

लोरिसला ते माहीत नव्हतं. बारमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. थोडा वेळ कुणी पत्ता टाकला नाही.

"हे बघ," रादामेस म्हणाला, "माझ्या बाजू कुठं आहेत? कुणाच्या तरी कुलपात. एखादी धडकली की तिला यंत्रातून काढलेला नवा पत्रा लावतात. आता यांनी डावी बाजू घेतली असेल, तर यापुढं जितक्या गाड्या निघतील त्या दोन्हीकडून ओबेर्दान. उजवीकडूनसुद्धा ओबेर्दान! माझ्या बाजूवर! म्हणजे मी मधे कधी नव्हतोच."

"आणि उजवी घेतली असेल तर?"

रादामेसनं यावर विचार केला. त्याचा चेहरा बराच वेळ गंभीर राहिला, पण कान हसले.

"तर ओबेर्दानला वाईट वाटेल," तो म्हणाला. "माझी सहानुभूती आहे."

नव्या गाडीच्या आकाराचं काम फ्लाविया रेज्जानी नावाच्या इंजिनियरबाईंकडं होतं. मूळच्या शेजारच्या रेज्जो भागातल्या, म्हणजे काम्पोसालिचेच्या हिशेबानं परदेशी. रादामेस कारखान्याच्या फाटकावर गेला आणि मी नोंद क्रमांक एकोणीस आहे असं सांगून आत शिरला. बाईंनी त्याला खुर्ची दिली, कॉफी दिली, आणि तो विषयावर येताच हात जोडले. गाडी उघड होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही अशा कागदावर त्यांनी सही केली होती.

"बाई, एवढंच सांगा. तुम्ही डावखुऱ्या का?"

"नाही."

"जेवताना काटा कुठल्या हातात?"

"सिन्योर गिदोनी!"

"बरं, राहिलं."

पण बाईंनाही त्याच्याबद्दल उत्सुकता होती. हातानं कसं कळतं हे त्यांना ध्वनिमुद्रित करून ठेवायचं होतं, वारसा विभागासाठी आणि थोडं स्वतःसाठी. दोघांना एकत्र कुठं गाठता येईल असं त्यांनी विचारलं. रादामेस म्हणाला, एकाच ठिकाणी. रविवारी. नगरपालिका बंद ठेवते तेव्हा.

त्या रविवारी मीही तिथं होतो. दिर्चेनं तोर्तेल्लिनी, म्हणजे मांस भरलेल्या कणकेच्या इवल्या पुड्या, जास्त केले होते आणि तिला उरलेलं आवडत नाही. टेबलाच्या एका टोकाला रादामेस, दुसऱ्या टोकाला ओबेर्दान, मधे दिर्चे आणि रश्श्याचं भांडं. बाईंनी आपलं यंत्र पावाच्या टोपलीशेजारी ठेवलं.

"दिर्चे," रादामेस म्हणाला, "त्याला सांग, चीज इकडं."

"ओबेर्दान, चीज."

"दिर्चे, त्याला सांग, अर्धं टेबल त्यानं एकट्यानं खाल्लंय, आधी ते पचव म्हणावं," ओबेर्दान म्हणाला.

"हे मी सांगणार नाही. चीज घे."

बाई आळीपाळीनं दोघांकडं बघत होत्या. "तुम्ही एकमेकांशी बोलत नाही?"

"बोलतो की," रादामेस म्हणाला. "आत्ता नाही का बोललो?"

"मी या घरातलं टेलिफोन एक्स्चेंज आहे," दिर्चे म्हणाली. "माणसं चंद्रावर गेली त्या वर्षी मला बसवलं. पगार नाही, पेन्शन नाही. तुम्ही घ्या हो बाई, गार होतंय."

बाईंनी भांडण कशावरून ते विचारलं. सांगितलं दिर्चेनंच. तीन ठोक्यांची हकिगत तिनं इतकी वेळा ऐकलेली होती, दोन्ही बाजूंनी, की ती सांगताना तिचा आवाज पाककृती सांगणाऱ्यासारखा झाला. बाईंनी ती सगळी ऐकली. मग हलकेच विचारलं, "तीनच?"

"दिर्चे, त्यांना सांग," ओबेर्दान म्हणाला, "खोली जळत असती आणि विझवायला यानं मला न विचारता माझ्या बाजूला हात लावला असता, तरी मी हेच केलं असतं."

"त्या समोरच बसल्यात. त्यांच्याशी तुझं भांडण नाही. तूच सांग."

ओबेर्दान लाजला आणि त्यानं बाईंना परत तेच सांगितलं, या वेळी थेट.

उकडलेलं मांस आलं तेव्हा रादामेसनं आपला डाव टाकला. "बाई, तुम्ही तोंडानं काही बोलू नका. सही केलीय ना, बास. मी नुसतं नाव घेतो. ते बरोबर असेल तर तुम्ही घास घ्या. उजवी?"

बाईंनी काटा खाली ठेवला.

"थांबल्या!" ओबेर्दान टेबलावर हात मारून म्हणाला. "दिर्चे, बघितलंस? थांबल्या! म्हणजे डावी!"

"पुढं विचार की मग," दिर्चे म्हणाली.

"डावी?" रादामेसनं मरगळून विचारलं.

बाईंनी काटा उचलला नाही. दोन म्हातारे त्या काट्याकडं बघत राहिले. बाईंनी दोघांचे चेहरे बघितले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काहीतरी आलं की आपण जेवायला यायला नको होतं. "मला निघायला हवं," त्या म्हणाल्या. दिर्चेनं त्यांना बिस्किटं बांधून दिली. ओबेर्दाननं माळ्यावर जाऊन आपल्या पिंपात वर्षानुवर्षं मुरवलेल्या व्हिनेगरची एक इवली बाटली आणली. ते पाहून रादामेस घरी गेला आणि अर्ध्या तासानं कारखान्याच्या फाटकावर बाईंच्या नावानं खारवलेल्या मांसाचं एक अख्खं सलामी ठेवून आला. गाडीचा आकार अजून पक्का व्हायचा होता, एवढी माहिती त्याला रखवालदाराकडून मिळाली. त्या माहितीनं त्याला पुढं कित्येक आठवडे झोप लागली नाही. लोरिसला तो म्हणाला, "तिनं दोन्ही वेळा घास घेतला नाही. कुठल्या बाजूचं मांस आवडलं नाही?"

गाडी उघड करायचा दिवस वसंतातला होता. कारखान्याच्या अंगणात मंडप, मंडपात रुपेरी कापडाखाली गाडी, आणि समोर खुर्च्या. दूरदूरचे पाहुणे आले होते. पहिल्या रांगेत नोंद एकोणीस आणि नोंद वीस, गळ्यात फितीला अडकवलेली कार्डं, मधल्या खुर्चीत दिर्चे. रादामेसनं लग्नाकार्याचा कोट घातला होता. भाषणं झाली. वेग, स्वप्न, भूमी आणि वारसा हे चार शब्द निरनिराळ्या क्रमानं आले. टोमॅटो कुठंच आला नाही.

मग कापड सरकलं आणि कुणीतरी इंजिन सुरू केलं.

ते बारा सिलिंडर सुरू झाले तेव्हा खुर्च्यांच्या पायांतून थरथर वर आली. रादामेसच्या कानांची किरकोळ झीज झालेली असली तरी हे त्याला ऐकू आलं. लोक उठले, फोन वर झाले. गाडी गर्द हिरवी, आत तांबूस कातडं, लांब नाक, चाकावर उचललेली रेघ. सुंदर होती. तिच्याबद्दल वाईट बोलायची तयारी करून आलेल्या मलासुद्धा सुंदर वाटली.

रादामेस सरळ उजव्या बाजूला गेला. ओबेर्दान डाव्या. एक गणवेषातला माणूस "हात लावू नका, हात लावू नका" करत धावला. रेज्जानीबाईंनी त्याच्या दंडाला धरलं. "यांना लावू दे," त्या म्हणाल्या.

इंजिन बंद झालं. रादामेसनं डोळे मिटले, मनगट सैल सोडलं, आणि दिव्यापासून सुरुवात केली. हात चाकावर चढला, उतरला, दारावरून मागं निघाला. निम्म्या वाटेत त्याचे खांदे पडले. ही त्याची बाजू नव्हती. चाकावर भरलेली होती.

त्यानं डोळे उघडले आणि उघड्या टपावरून पलीकडं बघितलं. त्याला वाटलं होतं, पलीकडं ओबेर्दान विजयी मुद्रेनं उभा असेल. ओबेर्दानचा हात चाकाच्या मागं थांबला होता आणि चेहरा हरवल्यासारखा झाला होता.

रादामेस डिकीकडून वळला. ओबेर्दान नाकाकडून. दोघांनी बाजू बदलल्या. एकोणसत्तरनंतर पहिल्यांदाच रादामेसचा हात कुठल्याही लिबेल्लुलाच्या डाव्या अंगाला लागला. त्यानं तो सावकाश नेला. मग परत नेला. ओबेर्दाननं पलीकडं तेच केलं. शेवटी दोघंही गाडीच्या मागच्या टोकाला आले आणि उभे राहिले. तिथं दिर्चे होती आणि रेज्जानीबाई होत्या.

"ही माझी नाही," रादामेस बाईंना म्हणाला.

"माझीपण नाही," ओबेर्दान म्हणाला. "माझ्यासारखी आहे. पण कुणीतरी उपाशी ठेवलीय."

"आणि माझी कुणीतरी चारून फुगवलीय."

बाईंनी घसा साफ केला. "आम्ही आधी एकच बाजू घेणार होतो," त्या म्हणाल्या. "उजवी की डावी यावर बैठका झाल्या. ते माझ्यावर सोपवलं होतं. मग मी तुमच्याकडं जेवायला आले. त्यानंतर मला ठरवता येईना. मग दोन्ही बाजू घेतल्या, एकमेकींवर ठेवल्या आणि संगणकाला मधली काढायला सांगितली. दोन्हीकडं तीच आहे. वाऱ्याच्या चाचणीतसुद्धा ती दोघींपेक्षा बरी निघाली. मला माफ करा."

मागं पाहुण्यांची गर्दी गाडीभोवती फोटो काढत होती. एक माणूस उजव्या चाकावर हात ठेवून उभा राहिला आणि हसला.

ओबेर्दाननं बराच विचार केला. मग तो दिर्चेकडं वळला.

"म्हणजे यानं परत माझ्या बाजूला हात लावला."

"दिर्चे," रादामेस म्हणाला, "त्याला सांग, या खेपेला त्यानंपण लावलाय. नाकापासून डिकीपर्यंत लावलाय."

"मी नाही सांगणार," दिर्चे म्हणाली. "तो तुझ्या पुढ्यात उभा आहे. माझं एक्स्चेंज बंद झालं. आजपासून." आणि तिनं पर्स बंद केली. तिचा टक असा आवाज झाला.

ओबेर्दान गाडीच्या मागच्या दिव्याकडं बघत होता. रादामेस त्याच्या बुटांकडं.

"तूपण लावलास," रादामेस शेवटी म्हणाला. दिव्याला म्हणाला की बुटांना, ते नक्की कळलं नाही, पण दिर्चेला तर नक्कीच नव्हे.

"लावला," ओबेर्दान म्हणाला.

"तेव्हा तिथं फुगवटा होता. चाकाच्या मागं."

"होता."

रादामेसनं मान वर केली.

"होता की," ओबेर्दान चिडून म्हणाला. "मला दिसला नव्हता असं वाटलं तुला? जेवून आल्यावर काढणारच होतो. तुला तेवढा दम नव्हता."

"मग सांगायचंस!"

"मी तुझ्याशी बोलत नव्हतो."

रादामेसनं खिशातून रुमाल काढला, नाक शिंकरलं आणि गाडीच्या मागच्या बाजूला, दोन्ही अंगं जिथं मिळतात तिथं, तळहात ठेवला. ओबेर्दाननं शेजारी आपला ठेवला. "इथं बरी जमलीय," तो म्हणाला. "इथं जमलीय," रादामेस म्हणाला. गणवेषातला माणूस लांबून बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यानं वर्तमानपत्रांना पाठवलेल्या पत्रकात असं म्हटलं होतं की, लिबेल्लुला एरेदिताचा आकार हा संस्थापकांच्या एकमेव आणि अखंड दृष्टीचा थेट वारसा असून, त्यात पिढ्यानुपिढ्या कोणताही हस्तक्षेप झालेला नाही. नगरपालिकेनं हे पत्रक सूचनाफलकावर लावलं.

कार्यक्रम संपल्यावर पाहुण्यांच्या गाड्या एकेक करून फाटकातून बाहेर पडल्या. नोंद एकोणीस, नोंद वीस आणि दिर्चे रस्त्याच्या कडेला थांब्यावर उभे राहिले. गावात परत जायची बस उशिरा आली. तिच्यात दोनच जागा रिकाम्या होत्या. एकीवर दिर्चे बसली आणि दुसरीवर ओबेर्दान. रादामेस दांडी धरून ओबेर्दानच्या उजव्या बाजूला उभा राहिला.